पुढे काय झाले? : डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांची जीवनकथा



घरातल्या कुणाचे ऑपरेशन ठरले की घरची माणसे आम्हाला कळवतात. आम्ही इस्पितळात जातो, रुग्णाजवळ बसतो, प्रार्थना करतो. निघताना मुलगा किंवा सून व्हरांड्यापर्यंत सोडायला येते आणि हळूच विचारते की फादर, हे डॉक्टर चांगले आहेत ना? आम्ही काय सांगणार? डॉक्टरांचे नाव मोठे आहे, बोलायला गोड आहेत, शेजारच्या आळीतल्या कुणाचे तरी ऑपरेशन त्यांनीच केले होते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्यांनी ऑपरेशन केलेल्या रुग्णांपैकी किती जण वर्षभराने धडधाकट होते, किती जणांना पुन्हा टेबलावर यावे लागले, किती जण दगावले आणि कशामुळे, हे आपल्याला ठाऊक नसते. पुष्कळदा ते खुद्द डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका शल्यविशारदाला हाच प्रश्न पडला. त्यांचे नाव डॉ. अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन. शस्त्रक्रियेच्या जगात आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र ते हयात असताना या प्रश्नापायी त्यांना मित्र, मान आणि मिळकत, सगळ्यांची किंमत मोजावी लागली. त्यांची कथा आपल्या सर्वांच्या उपयोगाची आहे, कारण आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातले कुणीतरी त्या टेबलावर असणारच आहे.

भुलेचा तक्ता

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी बॉस्टनमध्ये झाला. घराणे जुने, खाऊनपिऊन सुखी. १८९१ साली ते हार्वर्ड कॉलेजातून पदवीधर झाले आणि १८९५ साली हार्वर्डच्याच वैद्यकीय शाखेतून डॉक्टर. त्या काळच्या बॉस्टनमध्ये मुलाच्या भवितव्यासाठी याहून चांगली सुरुवात मागता आली नसती.

विद्यार्थी असताना ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम शिकत होते. हे इस्पितळ भुलेच्या इतिहासात अजरामर आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया तेथेच प्रथम जाहीरपणे करून दाखवण्यात आली. परंतु त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीही ईथर देण्याचे काम कुणाकडे होते? विद्यार्थ्यांकडे. धड शिक्षण नाही, सराव नाही. रुग्णाच्या तोंडावर ईथरचा बोळा धरायचा आणि शल्यविशारदाने घाई केली की आणखी ओतायचे.

कॉडमन यांचे वर्गमित्र होते हार्वी कुशिंग. हेच कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून जगभर गाजले. विद्यार्थिदशेत त्यांनी ईथर दिलेला एक रुग्ण टेबलावरच दगावला. तरुण कुशिंग इतके खचले की वैद्यकशास्त्र सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. भोवतालच्या वडीलधाऱ्यांना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही. असे व्हायचेच, अशीच सर्वांची समजूत होती.

या दोन मित्रांनी मग एक पैज लावली. ज्याच्या हातची भूल अधिक चांगली ठरेल त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचे. आता चांगली भूल कोणती हे ठरवायचे कसे? त्यासाठी मोजमाप हवे. म्हणून १८९४ च्या सुमारास त्यांनी एक साधा तक्ता तयार केला. ऑपरेशन चालू असताना रुग्णाची नाडी किती, श्वास किती, हे ठराविक वेळाने त्यावर नोंदवायचे. भुलेच्या नोंदीचे हे सर्वांत जुन्या कागदांपैकी काही कागद होत. आज कोणत्याही ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञाच्या डोक्याजवळ जो पडदा टिक्‌टिक् करत असतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. नाडीवर लक्ष ठेवावे लागल्याने ती बिघडू लागताच समजू लागले, आणि समजले म्हणून वेळीच हात आवरता येऊ लागला.

पैज पोरवयातली होती. परंतु तिने कॉडमन यांना आयुष्याचा धडा दिला. आपण चांगले काम करतो असे वाटणे वेगळे आणि ते चांगले आहे हे मोजून पाहणे वेगळे.

पुढे क्ष-किरणांचा शोध लागला. १८९६ पासूनच कॉडमन त्या नव्या विद्येत शिरले आणि बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात क्ष-किरण छायाचित्रणाचे काम पाहू लागले. तेव्हा या किरणांचे सगळ्यांना कौतुक होते, परंतु त्यांनी माणसांची कातडी भाजतही होती. १९०२ साली कॉडमन यांनी अशा अपघातांच्या तोवर नोंदल्या गेलेल्या सर्व घटना गोळा करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या यंत्राचे गुणगान करणारे पुष्कळ होते. त्याने किती जणांना भाजले हे मोजणारे थोडेच.

अंतिम परिणाम

कॉडमन आता मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये शल्यविशारद होते आणि हार्वर्डमध्ये शिकवतही होते. खांद्याच्या दुखण्यावर त्यांचा विशेष अभ्यास होता. काम उत्तम चालले होते. परंतु एक गोष्ट त्यांना सलत होती.

इस्पितळे वर्षाच्या शेवटी अहवाल छापत. त्यात किती रुग्ण आले, किती ऑपरेशने झाली, किती पैसा आला आणि किती गेला, सगळे असे. एकच गोष्ट नसे. रुग्णाचे पुढे काय झाले? ज्या दुखण्यासाठी तो आला होता ते गेले का? तो कामावर परतला का? एका वर्षाने तो जिवंत होता का? रुग्ण इस्पितळाच्या पायऱ्या उतरला की त्याचे नाव वहीतून संपत असे.

थोडा विचार केला तर हे किती विपरीत आहे ते कळते. बरा झालेला रुग्ण डॉक्टरकडे परत जात नाही, कारण त्याला गरज उरत नाही. न बरा झालेलाही परत जात नाही, कारण त्याचा विश्वास उडालेला असतो. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणजे पहिल्या डॉक्टरला आपले यशही कळत नाही आणि अपयशही कळत नाही. तीस वर्षे तो एकच चूक करत राहील आणि त्याच तीस वर्षांना अनुभव म्हणेल.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला होता. प्रत्येक कलेचा एक शेवट असतो, ज्यासाठी ती कला असते. जहाज बांधणाऱ्याच्या कलेचा शेवट म्हणजे जहाज आणि वैद्याच्या कलेचा शेवट म्हणजे आरोग्य. टाके नीट पडले हा शस्त्रक्रियेचा शेवट नव्हे. माणूस बरा झाला हा तिचा शेवट. कॉडमन नेमके हेच म्हणत होते. आपल्या कल्पनेला त्यांनी नावही तेच दिले : अंतिम परिणाम.

त्यासाठी त्यांनी एक कार्ड तयार केले. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. रुग्ण काय तक्रार घेऊन आला, डॉक्टरांनी काय निदान केले, काय उपचार ठरवले, इस्पितळात असताना काही बिघडले का, घरी जाताना निदान काय होते, हे सगळे त्यावर लिहायचे. आणि मग दरवर्षी रुग्णाला बोलावून किंवा पत्र पाठवून तो कसा आहे हे त्याच कार्डावर नोंदवायचे. परिणाम चांगला नसेल तर शेवटचा प्रश्न : का नाही?

१९१० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले होते. एक आरोग्यधाम पाहून घोडागाडीतून परतताना त्यांनी फिलाडेल्फियाचे शल्यविशारद डॉ. एडवर्ड मार्टिन यांना ही कल्पना सांगितली. मार्टिन यांच्या मनात शल्यविशारदांची एक राष्ट्रीय संस्था काढण्याचा विचार घोळत होता. त्या प्रवासात दोन्ही विचार जुळले. १९१३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्था स्थापन झाली आणि इस्पितळांचा दर्जा ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कॉडमन यांच्याकडे आले.

स्वतःचे इस्पितळ, स्वतःच्या चुका

दुसऱ्याला मोजण्याआधी स्वतःला मोजावे, हे कॉडमन यांनी पाळले. १९११ साली त्यांनी बॉस्टनच्या पिंकनी स्ट्रीटवर स्वतःचे एक छोटेसे इस्पितळ सुरू केले. तेथे प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवले जाई.

१९११ ते १९१६ या काळात त्या इस्पितळातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या नोंदींत कॉडमन यांनी १२३ चुका शोधल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. चुका दुसऱ्या कुणी दाखवल्या नव्हत्या. रुग्णांनी तक्रार केली नव्हती. इस्पितळाच्या मालकानेच स्वतःच्या पैशाने आपल्या चुकांचा हिशेब छापला आणि तो देशातल्या इतर इस्पितळांना पाठवून तुम्हीही असेच करा असे सुचवले.

चुकांचेही त्यांनी वर्ग पाडले होते. ज्ञान किंवा कौशल्य कमी पडले तो एक वर्ग. ऑपरेशन करावे की नाही, कधी करावे, हा निर्णय चुकला तो दुसरा. देखभालीत किंवा साधनांत उणीव राहिली तो तिसरा. निदानच चुकले तो चौथा. काही वेळा दोष डॉक्टरचा नसतो. आजारच हाताबाहेर गेलेला असतो किंवा रुग्ण स्वतःच उपचार नाकारतो. त्यांचेही वेगळे रकाने होते.

आणि एक शेवटचा रकाना होता, ज्याचा आम्ही वारंवार विचार करतो. शस्त्रक्रियेत कधी कधी अशी आपत्ती येते की जिच्यावर माणसाचा काही इलाज नसतो. आपण अशा वेळी हात वर करतो आणि नशीब म्हणून मोकळे होतो. कॉडमन यांनी नशिबाचाही रकाना ठेवला, परंतु तो बंद केला नाही. अशा घटना आपण स्वतःशी आणि लोकांपुढे मान्य कराव्यात आणि त्या कशा टाळता येतील याचा शोध घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. आज जे नशीब वाटते ते उद्या टाळता येण्याजोगे ठरू शकते. मात्र त्यासाठी ते आज लिहून ठेवायला हवे. इतिहासाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले आहे. ऑपरेशननंतर जखमेत पू होणे एके काळी अटळ मानले जाई.

त्यांच्या नोंदींत पित्तमार्गाच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत आहे. यकृताकडून पित्त आणणारी नळी त्यांच्या हातून चुकून बांधली गेली आणि ते त्यांच्या ध्यानातही आले नाही. रुग्ण दगावला. आजाराची गुंतागुंत होती, एवढे लिहून हे प्रकरण मिटवता आले असते. कुणाला कळलेही नसते. कॉडमन यांनी ती कौशल्यातली मोठी चूक म्हणून नोंदवली आणि ती आपल्या लक्षात आली नाही, हीसुद्धा चूकच म्हणून कबूल केली.

मनातल्या मनात चुकलो म्हणणे सोपे असते. तीच चूक क्रमांक घालून, छापून, आपल्याच व्यवसायबंधूंच्या हाती देणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

शहामृगाचे चित्र

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्येही हीच पद्धत सुरू व्हावी म्हणून कॉडमन वर्षानुवर्षे खटपट करत होते. तेथे बढती वयाच्या ज्येष्ठतेने मिळे. आधी आला तो आधी वर जाणार, मग त्याचे रुग्ण बरे होवोत वा न होवोत. १९१४ साली या पद्धतीच्या निषेधार्थ कॉडमन यांनी राजीनामा दिला. आणि लगेच मुख्य शल्यविशारदाच्या जागेसाठी अर्ज केला! गेल्या दहा वर्षांत माझ्या रुग्णांचे परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत, हे त्यांनी त्यात कारण दिले. हे म्हणणे खोडून काढायचे तर इतरांचे परिणाम दाखवावे लागले असते, आणि ते तर कुणी मोजलेलेच नव्हते.

त्यानंतर ६ जानेवारी १९१५ चा दिवस उजाडला. स्थानिक वैद्यकीय संस्थेच्या शल्यविभागाचे कॉडमन अध्यक्ष होते. त्या संध्याकाळी त्यांनी इस्पितळांच्या कार्यक्षमतेवर सभा बोलावली. शहराचे महापौर जेम्स कर्ली आले होते. कारखान्यातल्या कामाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ फ्रँक गिलब्रेथ आले होते. सभागृह भरले होते. शेवटी कॉडमन यांनी एका मोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला.

चित्रात एक शहामृग होते. हे शहामृग म्हणजे बॉस्टनच्या बॅक बे वस्तीतले धनिक लोक. त्याने आपले डोके वाळूत खुपसले होते आणि सोन्याची अंडी मागे लाथाडत होते. ती अंडी टिपायला मागे उभे होते डॉक्टर. इस्पितळाचे विश्वस्त आणि हार्वर्डचे अध्यक्षही चित्रात होते. पक्ष्याला खरे कळले तर तो अंडी द्यायचा थांबेल काय, या विवंचनेत ते पडलेले दिसत होते.

सभेत एकच गदारोळ उडाला. कॉडमन यांना शल्यविभागाचे अध्यक्षपद सोडायला सांगण्यात आले. हार्वर्डमधली शिकवण्याची जागा गेली. जुने मित्र दुरावले. इतर डॉक्टर आपले रुग्ण त्यांच्याकडे पाठवीनासे झाले आणि मिळकत घटली.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. कॉडमन यांचा मुद्दा खरा होता. परंतु खरे बोलताना त्यांनी समोरच्याला हिणवले. त्या सभागृहात प्रामाणिक डॉक्टरही असतील. रात्री-अपरात्री रुग्णासाठी धावणारे, गरिबांकडून पैसे न घेणारेही असतील. त्यांनाही त्या दिवशी सोन्याच्या अंड्यांचे लोभी ठरवले गेले. सत्य सांगणाऱ्याने ते ऐकणाऱ्याला ऐकता येईल असे सांगितले, तर काम लवकर होते. कॉडमन यांचा स्वभाव मुळात फटकळ होता आणि तो त्यांना नडला. मात्र दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षे शांतपणे सांगून कुणी ऐकले नव्हते. आणि त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीवर रागावलेल्यांनी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीही दिले नाही.

भट्टीत जळालेली यादी

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मेली, हजारो जखमी झाली. बॉस्टनहून मदत निघाली तेव्हा कॉडमन तिच्याबरोबर हॅलिफॅक्सला गेले आणि त्यांनी जखमींची सेवा केली. पुढे महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. त्यांचे पिंकनी स्ट्रीटवरचे इस्पितळ बंद पडले.

दरम्यान त्यांनी रुजवलेले काम दुसऱ्यांच्या हातून पुढे सरकत होते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने इस्पितळांसाठी किमान नियम तयार केले. नियम एका पानात मावतील एवढेच होते. डॉक्टरांनी संघटित व्हावे, आपल्या कामाचा नियमित आढावा घ्यावा, प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवावी, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि क्ष-किरणाची सोय असावी. मग शंभर किंवा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ इस्पितळांची पाहणी झाली.

त्यांपैकी किती उत्तीर्ण झाली असतील? फक्त ८९.

नापास झालेल्यांत देशातली काही नामांकित इस्पितळे होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात संस्थेची बैठक भरली. आकडे जाहीर झाले, परंतु नावे जाहीर करण्याचे धैर्य झाले नाही. वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून मध्यरात्री ती यादी हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली.

यादी जळाली तरी काम थांबले नाही, हे मात्र खरे. नियम साधे होते आणि इस्पितळांना आपली लाज राखायची होती. वर्षागणिक अधिकाधिक इस्पितळे सुधारत गेली. १९५१ साली अमेरिकेत याच कामासाठी एक संयुक्त आयोग नेमला गेला आणि तो आजही इस्पितळांची तपासणी करतो. आपल्याकडच्या काही इस्पितळांच्या दारावर एनएबीएच मानांकनाची पाटी आपण पाहतो, तीही याच वाटेवरची.

उतारवय

इस्पितळ गेले, पद गेले, तरी कॉडमन यांनी मोजणे सोडले नाही. १९२० साली त्यांनी हाडांच्या सार्कोमा या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशभरातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची माहिती, क्ष-किरण चित्रे आणि गाठीच्या तपासणीच्या काचा पाठवायच्या आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले तेही कळवायचे. हा रोग विरळा. एका डॉक्टरला आयुष्यात मोजकेच रुग्ण दिसणार. सर्वांचे अनुभव एका ठिकाणी आले तरच काही शिकता येईल, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत कर्करोगाची अशी राष्ट्रीय नोंदवही पूर्वी नव्हती. हाडाच्या गाठीच्या क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या एका त्रिकोणी खुणेला डॉक्टर आजही कॉडमनचा त्रिकोण म्हणतात.

१९३४ साली त्यांनी खांद्यावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात खांद्याच्या दुखण्याबरोबर त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगतही लिहिली आहे. आपल्या कल्पनेचा विजय आपल्या हयातीत होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

२३ नोव्हेंबर १९४० रोजी त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत पत्नीच्या घराण्याच्या जागेत त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. त्या जागी त्यांच्या नावाचा दगडही लावला गेला नाही.

पेरलेले उगवले

बरोबर त्याच बॉस्टन शहरात पुढे एक शल्यविशारद काम करू लागले. त्यांचे नाव डॉ. अतुल गवांदे. नाव ओळखीचे वाटेल. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. शेतकऱ्याच्या घरातून निघून ते अमेरिकेत शल्यविशारद झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया सुरक्षित करण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्याचे नेतृत्व अतुल गवांदे यांच्याकडे आले. २००८ साली संघटनेने एकोणीस मुद्द्यांची एक यादी जाहीर केली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी, असे तीन वेळा सर्वांनी क्षणभर थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. रुग्ण तोच आहे ना? ऑपरेशन कोणत्या बाजूचे? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? कापसाच्या घड्या, सुया आणि हत्यारे मोजून बरोबर भरली का?

ही यादी आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत वापरून पाहिली गेली. त्यांत नवी दिल्लीचेही एक होते. यादीपूर्वी शंभरात साधारण दीड रुग्ण दगावत होते, यादीनंतर हे प्रमाण एकाच्याही खाली, ०.८ वर आले. मोठी गुंतागुंत होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ११ वरून ७ वर आले. २००९ च्या जानेवारीत हे आकडे प्रसिद्ध झाले.

कथा येथे संपवली तर ती अर्धी ठरेल. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शंभरावर इस्पितळांत हीच यादी सक्तीने लागू झाली. २०१४ साली तेथले आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्याची कारणे काय यावर तज्ज्ञांत वाद आहे. कागदावर खुणा करणे आणि खरोखर थांबून एकमेकांना विचारणे यात अंतर असते, असे अनेकांना वाटते. परंतु फरक पडला नाही हे तरी कशामुळे कळले? मोजल्यामुळेच. कॉडमन असते तर त्यांनी हाही निकाल तितक्याच आवडीने छापला असता.

मोजण्यात धोकाही आहे, तो सांगितला पाहिजे. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांत कोणत्या इस्पितळात किती रुग्ण दगावतात हे जाहीर करायला सुरुवात केली. तेव्हा प्रश्न आला की ज्या डॉक्टरकडे अधिक आजारी, अधिक म्हातारे रुग्ण येतात त्याचे आकडे वाईटच दिसणार. मग आकड्यांच्या भीतीने डॉक्टर कठीण रुग्णाला नाकारू लागले तर? म्हणून मोजताना रुग्ण आधी किती आजारी होता हेही धरावे लागते. आणि मोजणाऱ्याचा हेतू शिकण्याचा असावा लागतो. केवळ काठी उगारण्यासाठी मोजले तर माणसे चुका लपवतात, आणि लपवलेली चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

आपल्यासाठी

आपण डॉक्टर नाही. मग या कथेचे आपण काय करायचे?

पहिली गोष्ट. ऑपरेशन ठरले की नम्रपणे विचारा. हे ऑपरेशन आपण किती वेळा केले आहे? सर्वसाधारणपणे परिणाम काय येतो? बिघडले तर काय बिघडू शकते? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट. कागद जपा. घरी जाताना मिळालेला डिस्चार्जचा कागद, तपासण्या, औषधांची नावे एका पिशवीत ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती पिशवी न्या. आपल्याकडे अनेक घरांत हे कागद लग्नपत्रिकांबरोबर रद्दीत जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि आपण हमखास टाळतो ती. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावले असेल तर जा. बरे वाटत असले तरी जा. बरे वाटत नसेल तर दुसरीकडे जाण्याआधी पहिल्या डॉक्टरला निदान कळवा. रागाने नव्हे, भांडायला नव्हे. त्यांना कळावे म्हणून. तुमच्यामागून त्याच टेबलावर जो कुणी येणार आहे, त्याच्यासाठी.

आणि जे डॉक्टर, परिचारिका आणि इस्पितळातील कर्मचारी हे वाचत आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. चूक झाल्यावर ती मांडणाऱ्या सहकाऱ्याला एकटे पाडू नका. कॉडमन यांना एकटे पाडल्याने बॉस्टनच्या रुग्णांचे काही भले झाले नाही.

२०१४ साली शल्यविशारदांच्या संस्था आणि इस्पितळांचे प्रतिनिधी माउंट ऑबर्नला जमले आणि कॉडमन यांच्या नावाचा दगड बसवण्यात आला. मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. ज्या इस्पितळातून ते राजीनामा देऊन बाहेर पडले होते, तेही त्यात सहभागी होते.

पुढच्या वेळी व्हरांड्यात कुणी आम्हाला डॉक्टर चांगले आहेत ना असे विचारले, तर आम्ही सांगू की चला, आपण दोघे आत जाऊन त्यांनाच विचारू.